डोंबिवलीच्या गच्चीवरचं सोलार रात्री अकराला लाइट जाणं थांबवेल का?

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि ऑक्टोबर हीटचं कडक ऊन पडलं होतं. अचानक ठाणे, मुंबई, नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचा काळ असल्यामुळे घरोघरी वर्क फ्रॉम होम आणि ऑनलाइन शाळा सुरू होत्या, त्या बंद पडल्या. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, तर काही ठिकाणी रात्र झाली.

बिघाड कुठे झाला होता? मुंबईत नाही, तर ठाणे जिल्ह्यात. भिवंडी तालुक्यातलं पडघा आणि ठाणे शहरातलं कळवा या दोन ठिकाणांमधल्या 400 केव्हीच्या यंत्रणेत. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की सर्किट 1 ची देखभाल-दुरुस्ती सुरू होती, त्यामुळे सगळा भार सर्किट 2 वर होता आणि सर्किट 2 मध्येच बिघाड झाला.

26 एप्रिल 2022 च्या सकाळी पुन्हा पडघ्याचंच नाव आलं. तिथल्या अतिउच्चदाब यंत्रणेत बिघाड झाला आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीसह नवी मुंबई आणि मुंबईच्या काही भागांत वीज गेली.

आता या दोन तारखा बाजूला ठेवा आणि आपल्या रोजच्या अनुभवाकडे या. मे महिना, रात्रीचे अकरा, सगळ्यांचे एसी सुरू. कोपऱ्यावरच्या डीपीतून 'ठप्प' असा आवाज येतो आणि चार-पाच बिल्डिंगचे लाइट जातात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'फक्त आपलेच गेले की सगळ्यांचे?' दुसऱ्या दिवशी कुणीतरी सौर कंपनीची जाहिरात टाकतं आणि म्हणतं, 'आपण गच्चीवर सोलार बसवून टाकू, हा त्रासच संपेल.'

खरंच संपेल का? सोसायटीचे काही लाख रुपये खर्च करण्याआधी हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. कारण सोलारने विजेची कोंडी नक्की कमी होऊ शकते, पण ती कुठल्या तारेवरची आणि किती वाजताची, यावर सगळं अवलंबून आहे.

विजेची कोंडी म्हणजे नेमकं काय?

लाइट गेली की आपण म्हणतो, वीज कमी पडली. पण बऱ्याचदा वीज भरपूर असते, ती आपल्यापर्यंत आणणारी वाट अपुरी पडते. कल्याण-शीळ रोडवर संध्याकाळी गाड्या अडकतात, तेव्हा पेट्रोल संपलेलं नसतं, रस्ता भरलेला असतो. तसंच हे आहे.

आपल्याकडे येणाऱ्या विजेचा रस्ता लांबलचक आहे. महाराष्ट्रातली मोठी औष्णिक केंद्रं विदर्भात, चंद्रपूर आणि कोराडीला. वापर मात्र मोठ्या प्रमाणात पश्चिमेला, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात. म्हणून 1999 मध्ये चंद्रपूर ते पडघा अशी तब्बल 752 किलोमीटरची, 1500 मेगावॉट क्षमतेची खास वाहिनी सुरू झाली. पडघ्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं त्याचं कारण हे. दुरून आलेली वीज जिथे उतरते आणि पुढे वाटली जाते, असं ते मोठं जंक्शन आहे. रेल्वेसाठी कल्याण जसं, तसं विजेसाठी पडघा.

तिथून वीज टप्प्याटप्प्याने खाली येते. 400 केव्हीवरून 220 किंवा 100 केव्ही, मग 22 केव्हीचे फीडर आणि शेवटी तुमच्या गल्लीतलं रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी किंवा ट्रान्सफॉर्मर म्हणतो ते. वरच्या मोठ्या वाहिन्या महापारेषणच्या, खालचं जाळं महावितरणचं. भिवंडीत 2007 पासून आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च 2020 पासून वितरणाचं काम टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बघते.

कोंडी यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते. पडघा-कळवा ही वरची कोंडी, तिचा फटका लाखो लोकांना बसतो, पण ती क्वचित होते. गल्लीतल्या रोहित्राची ही खालची कोंडी. तिचा फटका दीड-दोनशे घरांना बसतो, पण उन्हाळ्यात ती वारंवार होते. दोन्हींवर औषध वेगवेगळं आहे, आणि इथेच आपली गल्लत होते.

एक वाहिनी गेली तर दुसरीने ओझं उचलायचं, मग ते झालं का नाही?

वीजजाळ्याचा एक साधा नियम असतो. कुठलीही एक वाहिनी किंवा एक रोहित्र बंद पडलं, तरी उरलेल्यांनी सगळा भार सांभाळला पाहिजे. 12 ऑक्टोबर 2020 ला अडचण अशी होती की मुंबई-ठाण्याकडे येणाऱ्या काही वाहिन्या आधीच बंद होत्या. हाताशी शिल्लक काही राहिलंच नव्हतं. त्यात आणखी एक गेली आणि डोलारा कोसळला.

अशा वेळी कामाला येतं ते शहराच्या आत, वापराच्या जवळ तयार होणारं वीज उत्पादन. मुंबईत ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आहे, जवळ उरणचं गॅसवरचं केंद्र, डहाणूचं 500 मेगावॉटचं केंद्र आणि घाटातली टाटांची जलविद्युत केंद्रं आहेत. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईला बेटासारखं वेगळं काढायचं आणि आतल्या विजेवर चालवायचं, अशी योजना कित्येक वर्षांपासून होती. पण त्या सकाळी आतलं उत्पादन मागणीच्या मानाने बरंच कमी होतं. बाहेरची वीज स्वस्त मिळत असल्याने आतली महाग केंद्रं कमी क्षमतेवर चालत होती किंवा बंद होती. बेट तयार झालं, पण तग धरू शकलं नाही.

यातून एक गोष्ट शिकायला मिळाली. दुरून येणारी वीज प्रति युनिट स्वस्त असते, पण ती ज्या रस्त्याने येते त्या रस्त्याचा धोका बिलावर छापलेला नसतो.

ठाकुर्लीला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं

वापराच्या जवळ वीज तयार करणं ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीहून टाटांची जलविद्युत 1915 मध्ये यायला लागली, म्हणजे लांबून वीज आणण्याची सवय जुनी आहे. पण रेल्वेने वेगळा विचार केला. मुंबई आणि घाटातले मार्ग विजेवर आणताना जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला उल्हास नदीजवळ स्वतःचं औष्णिक केंद्र उभारलं. तेच चोळा पॉवर हाऊस. गाड्या जिथे धावायच्या, तिथेच वीज.

पुढे मोठ्या केंद्रांची वीज स्वस्त पडू लागली, जाळं राज्यभर पसरलं आणि चोळ्याचं काम संपलं. आज डोंबिवलीतल्या बऱ्याच तरुणांना ठाकुर्लीत वीज तयार होत होती हेच माहीत नसतं. आता कोळशाची धुराडी भरवस्तीत परत आणायची नाहीत, आणायलाही नकोत. पण छोट्या प्रमाणावर, विखुरलेली, वापराच्या जवळची वीज परत येते आहे. फक्त ती आता गच्चीवर आहे. वीज क्षेत्रात याला विकेंद्रित निर्मिती म्हणतात.

खरं तर एका अर्थाने ती आपल्याकडे आधीपासूनच आहे. लिफ्टसाठी ठेवलेला सोसायटीचा डिझेल जनरेटर हीसुद्धा विकेंद्रित निर्मितीच, फक्त सगळ्यात महाग आणि सगळ्यात धुरकट.

पहिला गैरसमज: सोलार असलं की लाइट जात नाही

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाला छान ऊन होतं, हे सुरुवातीला मुद्दाम सांगितलं. ज्यांच्या गच्चीवर तेव्हा साधी नेट मीटरिंगची सौर यंत्रणा होती, त्यांचीही वीज गेली. ऊन असून, पॅनेल असून, घरात अंधार.

कारण सुरक्षेचं आहे. जाळ्यातली वीज गेली की सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर स्वतःला आपोआप बंद करतो. तसं केलं नाही तर वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करत असताना तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज येईल आणि त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळं होऊ शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा असतो. जाहिरात बघताना हा प्रश्न आधी विचारा.

दुसरा गैरसमज: जितके जास्त किलोवॉट, तितकी कोंडी कमी

आता एक हिशोब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण डोंबिवलीतल्या कुठल्याही नेहमीच्या बिल्डिंगला लागू पडतील असे.

सात मजली बिल्डिंग, 28 फ्लॅट. गच्ची 3000 चौरस फूट. त्यातली टाकी, जिना, सावली आणि चालायची जागा वजा केली तर निम्मी उरते. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट लागतात, म्हणजे 15 किलोवॉट बसतील. एक किलोवॉटमधून महिन्याला सरासरी 120 युनिट, दिवसाला 4 युनिट मिळतात. म्हणजे रोजचे 60 युनिट. चांगल्या उन्हात भर दुपारी प्रत्यक्ष मिळणारी वीज साधारण 11 किलोवॉट.

आता वापर बघा. प्रत्येक घरात दीड टनाचा एक एसी आणि तो दीड किलोवॉट घेतो असं धरलं, तर 28 घरांचे फक्त एसीच 42 किलोवॉट. सगळे कॉम्प्रेसर एकाच क्षणी चालत नाहीत हे खरं, पण फ्रिज, पंखे, गीझर, टीव्ही त्यात अजून धरलेले नाहीत.

अशा दहा बिल्डिंग एका 630 केव्हीएच्या रोहित्रावर आहेत असं समजू. रात्री अकराला त्यावर 500 किलोवॉटच्या आसपास भार आला, की रोहित्र क्षमतेच्या जवळ पोहोचलं. दहाही गच्च्यांवर सोलार असेल तर भर दुपारी त्याला 110 किलोवॉटचा दिलासा मिळेल. आणि रात्री अकराला? शून्य.

डोंबिवली-कल्याण ही नोकरदारांची शहरं. सकाळी घर रिकामं होतं, माणसं संध्याकाळी परततात. विजेची खरी गर्दी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत असते. दुपारी दोनला जादा लोकल सोडून सकाळच्या आठच्या डोंबिवली फास्टची गर्दी कमी होईल का? इथेही नेमकं तसंच आहे.

घोडबंदर रोडवरच्या टॉवरचं गणित अजून अवघड. तीस मजले आणि गच्ची मात्र एकच. तिथे सोलार लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांपुरतं पुरलं तरी पुष्कळ झालं.

मग सोलारचा उपयोगच नाही का?

उपयोग आहे, आणि चांगला आहे. फक्त जागा आणि वेळ निवडावी लागते.

जिथे गर्दी दिवसा असते, तिथे सोलार थेट काम करतं. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, ऑफिसं, हॉस्पिटलं, कॉलेजं, मॉल, पालिकेच्या इमारती आणि पाणी उपसा केंद्रं. कारखान्यांची छपरं बैठी आणि पसरट असतात, म्हणजे जागाही मिळते. तिथल्या फीडरवरची दुपारची गर्दी तिथल्याच छपरांवरून कमी करता येते.

यात दुहेरी फायदा आहे. तारेतली आणि रोहित्रातली उष्णता भाराच्या वर्गाने वाढते. म्हणजे भार 10 टक्क्यांनी कमी झाला, तर उष्णता 19 टक्क्यांनी कमी होते. रोहित्राच्या आतलं कागदी इन्सुलेशन उष्णतेनेच म्हातारं होतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान साधारण 6 अंशांनी वाढलं, तर ते म्हातारं होण्याचा वेग दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून थोडासा दिलासाही रोहित्राचं आयुष्य बरंच वाढवतो.

रहिवासी भागातही एक छोटा फायदा मिळतो. रोहित्रातलं तेल तापायला आणि निवायला काही तास लागतात. दुपारचा भार कमी राहिला तर रोहित्र संध्याकाळच्या गर्दीला थोडं थंड असताना सामोरं जातं. हा दिलासा खरा आहे, पण लहान आहे. त्याच्यावर विसंबून रात्रीची लाइट टिकेल असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा.

रात्रीसाठी दोनच मार्ग उरतात. दिवसाची वीज साठवा, किंवा रात्रीचा वापर दिवसा सरकवा.

हिशोब पुन्हा, या वेळी बॅटरी धरून

वरच्याच बिल्डिंगचे रोजचे 60 युनिट घेऊ. निम्मे दिवसा पंप आणि लिफ्टमध्ये वापरले. उरलेले 30 बॅटरीत साठवले. दहा बिल्डिंगचे मिळून 300 युनिट. साठवताना आणि काढताना थोडी घट होते, ती धरून 270. हे रात्री दहा ते एक या तीन तासांत परत दिले, तर रोहित्रावरचा भार 90 किलोवॉटने कमी होईल. 500 चा 410. भार पाचव्या भागाच्या आसपास कमी झाला आणि उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने.

पॅनेल तीच, ऊन तेच. फक्त वेळ बदलली आणि शून्याचे 90 झाले.

बॅटरी प्रत्येक सोसायटीनेच घ्यायला हवी असंही नाही. उलट ती उपकेंद्रात किंवा रोहित्राजवळ बसवली तर देखभाल एका जागी होते आणि फायदा सगळ्यांना मिळतो. दिल्लीत रोहिणीला 2019 मध्ये टाटा पॉवरच्या वितरण कंपनीने 10 मेगावॉटची बॅटरी बसवली. 2025 मध्ये दिल्लीतच किलोकरी उपकेंद्रात बीएसईएसने 20 मेगावॉटची, दोन तास पुरणारी बॅटरी सुरू केली. उद्देश हाच, गर्दीच्या वेळी उपकेंद्रावरचं ओझं कमी करणं.

दुसरा मार्ग तर जवळपास फुकटचा आहे. सोसायटीचा 10 हॉर्सपॉवरचा पंप साडेसात किलोवॉट घेतो. तो सकाळी सात किंवा रात्री नऊऐवजी दुपारी बाराला चालवला तर गच्चीवरची वीज जागेवरच वापरली जाते आणि गर्दीच्या वेळी साडेसात किलोवॉट मोकळे होतात. खर्च फक्त टायमरचा. अडचण एकच, पालिकेचं पाणी ज्या वेळेला येतं त्या वेळेला खालची टाकी भरते आणि वॉचमन लगेच पंप लावतो. खालची टाकी पुरेशी मोठी असेल तर वर पाणी चढवण्याची वेळ आपल्या हातात राहते. इलेक्ट्रिक स्कूटर आणि गाड्यांचं चार्जिंगही असंच. दहा जणांनी ऑफिसमधून येऊन आठ वाजता प्लग लावला तर तो नवा भार थेट गर्दीत जाऊन बसतो.

याच विचाराने महावितरणने 1 जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत जाहीर केली. स्मार्ट मीटरवरून वाद बरेच आहेत. पण वेळेनुसार दर लावण्यामागचं कारण हे आहे.

न्यूयॉर्कने सबस्टेशन कसं पुढे ढकललं?

ब्रुकलिन आणि क्वीन्स या भागांत कॉन एडिसन या वीज कंपनीपुढे असाच प्रश्न होता. उपकेंद्राची क्षमता संपत आली होती आणि नवं उभारायला 1 अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च येणार होता. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या नियामकाने वेगळा मार्ग मंजूर केला. 20 कोटी डॉलर खर्चून त्याच भागातली 52 मेगावॉटची गर्दी कमी करायची. बहुतेक काम ग्राहकांच्या घरात आणि दुकानात, म्हणजे कमी वीज खाणारे दिवे, छोटी वीजनिर्मिती, बॅटरी.

यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथली गर्दीसुद्धा रात्री नऊ-दहाच्या सुमारास व्हायची, अगदी आपल्यासारखी. म्हणून त्यांनी आधी तासातासाचा तक्ता मांडला आणि कुठल्या तासाला कुठला उपाय पुरेल ते ठरवलं. सोलार त्यातला एक तुकडा होता. आधी वेळापत्रक झालं, खरेदी त्यानंतर.

महाराष्ट्रात हे गावात झालंय, शहरात का नाही?

विकेंद्रित वीज म्हणजे परदेशी खूळ नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे आणि 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. उद्दिष्ट 16 हजार मेगावॉट. कल्पना अशी की गावच्या उपकेंद्रापासून 5 ते 10 किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प लावायचा आणि ती वीज त्याच भागातल्या शेतीपंपांना दिवसा द्यायची. लांबच्या वाहिनीवर भार नाही, वाटेतली गळती कमी. ती जमते कारण शेतीपंप दिवसा चालवता येतात. वेळ आणि जागा दोन्ही जुळतात.

शहरात जुळवाजुळव अवघड आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराला 3 किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान मिळतं. पण ते स्वतःचं छप्पर असलेल्यांसाठी सोपं. फ्लॅटवाल्याची गच्ची सोसायटीची असते. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार मिळतात. आपल्या उदाहरणातल्या 15 किलोवॉटला 2 लाख 70 हजार. मात्र ज्या बिल्डिंगची कागदपत्रं अपुरी आहेत, कन्व्हेयन्स झालेलं नाही किंवा रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, तिथे पंचवीस वर्षं टिकणाऱ्या पॅनेलवर पैसे घालायला कोण तयार होईल? कल्याण-डोंबिवलीत अशा बिल्डिंग किती आहेत हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे नियम सोपे झाले आहेत. फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. पण यात एक गोष्ट सुटते. सोलार कुठे बसतंय, त्या रोहित्राला त्याची गरज आहे का, हे कुणी विचारतच नाही. गर्दी असलेल्या फीडरवरच्या सोलारला आणि मोकळ्या फीडरवरच्या सोलारला सारखंच अनुदान. उलट बंगल्यांच्या वसाहतीत जास्त पॅनेल एकाच रोहित्रावर आली तर दुपारी वीज उलटी वाहते, व्होल्टेज वाढतं. म्हणून महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांत एका रोहित्रावरच्या सौर क्षमतेला साधारणपणे रोहित्राच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं केंद्राच्या सौर शहर कार्यक्रमाच्या यादीत होती. नव्या इमारतींवर सोलार वॉटर हीटरची सक्ती इथे बऱ्याच वर्षांपूर्वी आली. गीझरचा सकाळचा भार त्याने वाचतो, म्हणजे तोही एक प्रकारे कोंडीवरचाच उपाय. पण गच्च्यांवरचे किती हीटर आज चालू आहेत आणि किती गंजून पडले आहेत, हे आपापल्या गच्चीवर जाऊन बघा. यंत्र बसवणं सोपं असतं, ते दहा वर्षं चालवणं अवघड.

वरच्या कोंडीचं काय?

पडघा-कळव्याची कोंडी गच्च्यांनी सुटणार नाही. तिथे मोठ्या वाहिन्याच लागतात. 2020 नंतर त्यांच्या कामाला जोर आला. खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली, त्यामुळे मुंबईत आणखी सुमारे 1000 मेगावॉट वीज आणता येते. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून आरेपर्यंत 1000 मेगावॉटची वेगळी वाहिनी हाती घेण्यात आली. अशा कामांना जागा, जंगलाच्या परवानग्या आणि वर्षं लागतात.

पण त्या झाल्या तरी तुमच्या गल्लीतल्या डीपीची रात्रीची गर्दी तशीच राहणार. मोठा महामार्ग झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही.

मग सोसायटीने काय करायचं, आणि काय मागायचं?

सोलार घेताना ते वीजबिलासाठी घ्या. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचं सामायिक बिल त्याने नक्की कमी होतं आणि तेवढ्यावरही हिशोब बसू शकतो. लाइट जाण्यावरचा उपाय म्हणून घेत असाल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा खर्च धरूनच कोटेशन मागा. पंप आणि चार्जिंग दुपारी सरकवा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि एक गोष्ट महावितरणकडे आणि आपल्या नगरसेवक-आमदारांकडे मागा. कुठल्या फीडरवर आणि कुठल्या रोहित्रावर, किती वाजता, किती भार असतो, याचा तक्ता वॉर्डनुसार जाहीर करा. मीटर आहेत, नोंदी होतात. तक्ता समोर आला तर कळेल की कुठे नवं रोहित्र लागेल, कुठे उपकेंद्रातली बॅटरी पुरेल आणि कुठे कारखान्यांच्या छपरांवरचं सोलार काम करेल. अनुदानही मग जिथे गर्दी आहे तिथे जास्त देता येईल.

नाहीतर पुढच्या मे महिन्यात गच्चीवर पॅनेल असतील, सोसायटीचं बिल कमी आलेलं असेल, आणि तरीही रात्री अकराला ग्रुपवर पहिला मेसेज येईल, 'फक्त आपलेच गेले की सगळ्यांचे?'